डाव्या बाजूची चेन

नव्या कॅनव्हासचा वास आला की शहागंजातले बॅगा शिवणारे चाचा आठवतात. पाठीवरची बॅग उतरवून कॅमेरा काढेपर्यंत हर्सूल तलावावरचा पक्षी उडून जायचा, म्हणून मी त्यांच्याकडं खांद्याची बॅग शिवायला टाकली होती. अर्धवट शिवलेली बॅग मला अडकवून ते म्हणाले, “डोळे मिटा, कॅमेरा काढा.” तीनदा काढायला लावला, तिन्ही वेळा डावाच हात पुढं गेला. “तुम डावखुरे हैं क्या?” त्यांनी नवलानं विचारलं. “नाय, उजव्यानं लिहितो.” “लिखनेकू सिखाए होंगे,” म्हणत त्यांनी चेन डाव्या बाजूला लावली. घरी आईला विचारलं, तर ती म्हणाली, “लहानपणी तुझा डावा हात बांधून ठेवायचो आम्ही.” अजूनही कॅमेरा काढताना मी त्या हाताकडं कुतूहलानं बघतो.