डॉट आणि बगळे

"आमच्या गावच्या कागद गिरणीचा भोंगा बेसूर आहे, पण अख्खं गाव त्याच्यावरच जेवायला बसतं," असं डॉट पेलेटिए पहिल्या वर्षी म्हणाली होती, आणि दार आपटून निघून गेली होती.

संगीत विभागाच्या तळघरात, पियानोपाशी उभी राहून तिने नुकतंच एक कडवं गायलं होतं. ते झाल्यावर बगळ्यांच्या त्या वर्षीच्या म्होरक्याने तिला अदबीने विचारलं होतं की हा आवाज जरा लहान करता येईल का. बगळे म्हणजे कॉलेजातली सर्वांत जुनी गाणारी टोळी. वाद्य नाही, नुसते गळे. बाहेर जिन्यावर ॲन्सल थर्लो आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. त्याने ते वाक्य ऐकलं, दार आपटलेलं ऐकलं, आणि मग ती वर आली. जिन्याशी ठेवलेल्या ताटलीतलं एक बिस्कीट उचलून तिने त्याच्या हातात कोंबलं.

"खा. घसा कोरडा पडलाय तुझा, इथपर्यंत ऐकू येतंय."

"झालं तुझं?"

"माझं झालं. त्यांचं काय झालं ते त्यांनाच विचार."

ॲन्सलला घेतलं. डॉटला नाही.

नाही घेतलं हे तिथे कोणी तोंडाने सांगत नसे. ज्याला घ्यायचं त्याच्याकडे रविवारी सकाळी, नाश्त्याच्या वेळी, बगळे गात जात. भोजनगृहाच्या दारातच नदीवरचं जुनं गाणं सुरू होई, आणि त्यातला एक आवाज मुद्दाम गाळलेला असे. पुढचा दात पडलेल्या माणसाच्या हसण्यासारखं ते गाणं टेबलांमधून चालत येई. निवडलेल्या माणसाभोवती कडं धरायचं, आणि दुसऱ्या कडव्याला त्याने उठून गाळलेला आवाज आपल्या गळ्याने भरायचा. शेवटी म्होरक्या त्याच्या हातात बगळ्याचं करडं पीस देई. ज्यांना घ्यायचं नाही ते अंडी खात बसत. गाणं दुसऱ्या टेबलाकडे वळलं की त्यांना कळे. मग ते अंड्यांवर पुन्हा मीठ घालत.

आणखी एक नियम होता. गाणं एकदा सुरू झालं की मधे थांबायचं नाही. कुणा एका बगळ्याच्या विजारीवर गरम कॉफी सांडली होती आणि तरी तो शेवटच्या शब्दापर्यंत गायला होता, ही गोष्ट प्रत्येक नव्या बगळ्याला सांगितली जाई. सांगताना कॉफी दर वर्षी थोडी जास्त गरम होई.

डॉटचा आवाज मोठा का होता, हे ॲन्सलला पुढे कळलं. तिची आई शाळेची बस चालवायची. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून शाळेत जायच्या वयाच्या आधीपासून डॉट त्या बसमध्ये, आईच्या मागच्याच बाकावर. हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधलेल्या, इंजिन खोकतंय, मागे पोरं मारामारी करतायत, आणि आई म्हणायची, "डॉट, गा गं काहीतरी, नाहीतर आज कोणाचं तरी नाक फुटेल." डॉट गायची. साखळ्यांच्या वर, इंजिनाच्या वर, पोरांच्या वर. बाप गिरणीत, त्याचा एक कान यंत्रांनी खाल्लेला. म्हणजे घरीसुद्धा मीठ मागायचं तर ओरडूनच. अशा घरातून आलेल्या मुलीला हळू बोलणं म्हणजे चहाडी वाटायचं.

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा तळघरात आली. बगळ्यांची शेवटची परीक्षा अशी: टोळीतल्या तिघांच्या मधे उमेदवाराला उभं करायचं, चौघांनी मिळून गायचं, आणि बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून ऐकायचं. नवा आवाज कुठला हे ओळखता आलं तर उमेदवार नापास. आता ॲन्सलही भिंतीकडे तोंड करून उभा होता. पहिल्याच ओळीला त्याच्या शेजारचा गस ॲबरनाथी, धिप्पाड, सगळ्यांत खालच्या पट्टीत गाणारा, कुजबुजला, "डॉट." पुढे ऐकायची गरजच नव्हती. गाणं संपल्यावर तिने सगळ्यांच्या पाठी बघितल्या.

"वळा आता. मी चावत नाही. आणि दार नीट लावत जा, नाहीतर तुमचे एवढेसे सूर बाहेर पळून जातील."

तिसऱ्या वर्षीही तेच. त्या खेपेला ती दारात थांबून म्हणाली, "चला बगळ्यांनो, तळ्यातले मासे संपले की कळवा." सगळे हसले. ती गेल्यावर गस म्हणाला, "हिला घ्यायला नको, पण दर वर्षी बोलवायला हवं."

तिला राग येत नसावा असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. जो हसवतो त्याच्याबद्दल असं धरून ठेवणं सोपं असतं. भोजनगृहात रविवारी सकाळी तव्यावर तिची पाळी असे. डोक्याला रुमाल, हातात उलथणं, आणि रांगेतल्या प्रत्येकाला काहीतरी ऐकवणं चालू. ॲन्सल आला की म्हणे, "थर्लो, तुझं तोंड मेपलचा पाक संपल्यासारखं का झालंय?" आणि त्याच्या ताटलीत एक पॅनकेक जास्त पडे. तिच्याशी बोलून निघालं की दिवसभर आपला आवाज जरा बरा लागतो, असं त्याला वाटायचं. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही.

चौथ्या सप्टेंबरात ॲन्सल स्वतः म्होरक्या झाला. जागा एकच रिकामी होती, मुलींमधला सगळ्यांत खालचा आवाज. जिन्यावर पहिल्या वर्षाची मुलं गुणगुणत बसली होती. त्यांच्या मधे डॉट, मांडीवर बिस्किटांची ताटली घेऊन. समोर इमोजेन सेल्स नावाची एक बारीकशी मुलगी आपली बोटं मोडत होती.

"अगं, बोटं राहू दे, ती नाही गात," डॉट तिला म्हणाली. "हे खा. आणि वर बघू नकोस, त्या खोलीत छताला पाण्याचा डाग आहे. दर वर्षी मी त्याच्याकडे बघते नि ओळ विसरते."

इमोजेन आत गेली आणि चांगली गायली. मग डॉट गेली.

भिंतीकडे तोंड करून ॲन्सलने डोळे मिटले. चार आवाज सुरू झाले. तो तिची वाट बघत राहिला. एक ओळ गेली, दुसरी गेली. गस कुजबुजला नाही. ॲन्सलने कान ताणले, तिघांचे ओळखीचे आवाज एकेक करून बाजूला ठेवले, तरी खाली जे उरलं त्यात डॉट कुठे सापडेना. सूर बरोबर होता, भरलेला होता, आणि त्यात कोणी नव्हतं. गाणं संपल्यावर सगळे वळले. ती तिथेच उभी होती, घामाने कपाळ ओलं.

"कसं केलंस?" गसने विचारलं.

"उन्हाळाभर भांडी घासायच्या यंत्रापाशी उभी होते. त्याची एकच घरघर चालू असते. तिच्यात मिसळून गायचं. आपलं आपल्याला ऐकू आलं की चुकलं, पुन्हा पहिल्यापासून." ती हसली. "आमच्या आईला फोनवर गाऊन दाखवलं. ती म्हणते, लाइन कट झाली का गं?"

या खेपेला दारातून जाताना ती फक्त म्हणाली, "बघा बाबा," आणि दार अलगद लावून घेतलं. आवाजसुद्धा झाला नाही.

संध्याकाळी बगळे ठरवायला बसले. पिझ्झाचे खोके मधे.

"ती पास झाली," गस म्हणाला. "नियम म्हणजे नियम. मला ओळखू आली नाही."

"इमोजेनही नाही आली ओळखू," लॉर्ना फिच म्हणाली. वरच्या पट्टीत गाणारी लॉर्ना बोलायचीही वरूनच. "आणि इमोजेन चार वर्षं राहील. डॉट मे महिन्यात पदवी घेऊन जाणार. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा हीच जागा रिकामी. आपण काय बसथांबा आहोत?"

"ती तीन वर्षं थांबलीय गं आपल्या थांब्यावर."

"म्हणून काय दया करायची? तिलाच विचार, उलथण्याने मारेल."

"ती आपल्यात आली तर रविवारी मला चौथा पॅनकेक कोण देणार, हा प्रश्न आहेच म्हणा," गस म्हणाला आणि खोक्यातला शेवटचा तुकडा घेतला. "तरी मी तिच्या बाजूने."

सगळ्यांनी ॲन्सलकडे बघितलं. लॉर्नाचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्या म्हणण्याच्या आड बसायला जागा असते. त्याला खुपत होतं ते वेगळंच. दुपारी डोळे मिटून तो जिची वाट बघत होता ती आलीच नव्हती. तिच्या जागी जे उत्तम काहीतरी आलं होतं, ते इमोजेनही देऊ शकत होती. पण हे मताच्या वेळी कसं सांगायचं? तुझा भोंगा तू आमच्यासाठी मोडलास, म्हणून तू आम्हाला नकोस, असं कोणी म्हणतं का?

"इमोजेन," तो म्हणाला.

रविवारी सकाळी बगळे करडे मफलर गुंडाळून भोजनगृहाच्या पायऱ्यांवर जमले. लॉर्ना आत डोकावून आली. इमोजेन खिडकीजवळच्या टेबलाशी, संत्र्याचा रस पितेय. डॉट तव्यापाशी, पार दुसऱ्या टोकाला. बरं झालं, ॲन्सलला वाटलं. त्याने सूर दिला. दार उघडलं आणि गाणं आत शिरलं, पुढचा दात पडलेलं.

खिडकीजवळ नुसता रसाचा पेला होता.

ॲन्सल गात गात चौफेर बघू लागला. लॉर्नाने भुवईने दाखवलं. इमोजेन उठून पॅनकेकच्या रांगेत गेली होती आणि तिचा नंबर आला होता. रिकामा ट्रे धरून ती तव्यासमोर उभी. तव्यापलीकडे डॉट.

थांबता येत नव्हतं. टोळी वळली. टेबलांमधून, खुर्च्या चुकवत, गात गात ती तव्याकडे निघाली. रांगेतली मुलं बाजूला झाली. कडं धरलं गेलं, आणि त्या कड्यात एका बाजूला इमोजेन आली, दुसऱ्या बाजूला डॉट, मधे धुरावणारा तवा. पहिलं कडवं संपत आलं होतं. इमोजेनचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच निघत नव्हतं. डॉटने उलथणं खाली ठेवलं. हात एप्रनला पुसले. मग तिने डोक्यावरचा रुमाल काढला, चर्चमध्ये टोपी काढावी तसा.

दुसऱ्या कडव्याला ती गायला लागली.

यंत्रापाशी शिकलेलं ती सगळं विसरली असावी. साखळ्यांच्या आणि इंजिनाच्या वर जाणारा तो जुना आवाज उघडा पडून बाहेर आला आणि छताखालून फिरला. गसने एकदम तिच्याकडे बघितलं. टेबलांवरचे काटे खाली ठेवल्याचे आवाज आले, आधी जवळचे, मग लांबचे. अंडी गार होत होती. सगळं भोजनगृह खायचं थांबलं होतं. तव्यावरच्या पॅनकेकच्या कडा काळ्या पडत होत्या, तिकडे कोणी बघत नव्हतं.

तिला कधी कळलं ते ॲन्सलने बघितलं. कडव्याच्या मधे तिने कड्यातल्या तोंडांवरून एकेक करत नजर फिरवली, आनंदाने, ओळख दिल्यासारखी. आणि प्रत्येक तोंड तिच्याकडून वळून इमोजेनकडे जात होतं. लॉर्ना तर डोळ्यांनी इमोजेनला अक्षरशः ढकलत होती. डॉटचा आवाज हलला नाही. गाणं मधे थांबवायचं नसतं, हे तिला कुठल्याही बगळ्याइतकंच माहीत होतं. तिने इमोजेनकडे बघितलं, हनुवटी किंचित वर केली, आता ये, म्हणून. इमोजेनचा सूर आला, आधी कापरा, मग डॉटच्या सुराला धरून सरळ. दोन ओळी त्या बरोबर गेल्या. शेवटच्या ओळीला डॉट बाजूला झाली, आणि खाली फक्त इमोजेन उरली.

गाणं संपलं. पीस ॲन्सलच्या हातात होतं. आता टाळ्या पडायच्या, पण लोक खोळंबले होते. कोणासाठी वाजवायच्या ते कळत नव्हतं.

त्याने हात तव्यावरून पलीकडे नेला. कड्यात कोणीतरी "ॲन्सल" म्हणालं, बहुतेक लॉर्ना. त्याने ऐकलं नाही. पीस डॉटसमोर धरून तो उभा राहिला आणि मनगटाला तव्याची धग लागत होती.

डॉटने पीस घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं, एवढी वर्षं लांबून बघितलेली वस्तू जवळून कशी दिसते ते बघावं तसं. त्याला पीठ लागलं होतं ते फुंकून काढलं. मग तिने ते इमोजेनच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवलं आणि वर पाकाची वाटी ठेवली, उडू नये म्हणून.

तवा बंद केला. जळका पॅनकेक उलथण्याने उचलून टोपलीत टाकला. एप्रन सोडून खुंटीला अडकवला. स्वयंपाकघराचं मागचं दार तिच्या हाताशी होतं, तिकडे ती गेली नाही. ती तव्याला वळसा घालून बाहेर आली, आणि गसने कड्यातून सरकून तिला वाट दिली. टेबलांमधून ती मोठ्या दाराकडे चालत गेली. काही मुलं उभी राहिली.

दाराशी पोचल्यावर तिने मुठीला हात घातला. दर वर्षी दारातून ती जे ऐकवायची त्या वाक्याची ॲन्सल वाट बघत होता. गस बघत होता, लॉर्नासुद्धा.

दार उघडून डॉट बाहेर गेली.