शिडीचे तीन रंग

आमच्या जिल्ह्याच्या छोट्या विमानतळावर परवा विमानात चढताना शिडीच्या कठड्याला हात घासला आणि रंगाचा पोपडा सुटला. निळ्याखाली हिरवा होता, हिरव्याखाली लाल. लाल म्हणजे इथली पहिली, दोनच विमानांची कंपनी. ती हिरव्या कंपनीनं घेतली आणि गेल्या वर्षी हिरवी निळीत विलीन झाली.

शिडीपाशी पिकल्या मिशांचे एक कर्मचारी उभे होते. त्यांना विचारलं, "काका, तुम्ही यातल्या कुठल्या कंपनीचे?"

"तिन्हींचा. मी इथंच उभा होतो, कंपन्याच बदलत गेल्या. दर वेळी नवा गणवेश देतात आणि मागची वर्षं सोडून नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे सध्या मी इथला सगळ्यांत नवा माणूस."

विलीनीकरणाच्या बातमीत विमानं किती आणि मार्ग किती, एवढंच छापून येतं. शिडी मात्र तीच राहते, आणि ती ढकलणारा माणूसही.

"जपून हं," काका म्हणाले, "खालचा रंग दिसला की साहेब मलाच बोलतात."

जागेवर बसल्यावर खिडकीतून पाहिलं. शिडी बाजूला घेऊन काका तो सुटलेला पोपडा अंगठ्यानं दाबून धरून उभे होते. विमान हललं तरी त्यांनी अंगठा काढला नव्हता.