कुसुमच्या लग्नासाठी साफ बिअर

कुसुमचं लग्न ठरायचं असेल तर बिअर साफ पाहिजे, असं काकाजींनी सांगितलं आणि आमच्या घरात कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटायला हवं होतं. पण तोवर आम्ही टेकीला आलो होतो. वडील गेल्यापासून घरात कर्ता मी (म्हणजे पगार आणणारा, बाकीचं कर्तेपण आईकडेच होतं), आणि माझ्या या धाकट्या बहिणीला पाहून आधी दोन ठिकाणचे पाहुणे परत गेले होते. आमच्या घरची रीत अशी, की पाहुण्यांपुढे चिवडा ठेवायचा, चहा द्यायचा आणि शेवटी साखरेची बशी आणायची. मुलगी पसंत असली तर पाहुणा चिमूटभर साखर तोंडात टाकतो. नसली तर "घरी जाऊन कळवतो" म्हणतो आणि चप्पल शोधायला लागतो. दोन्ही खेपेला चिवडा फस्त झाला, चहा पुन्हा मागितला गेला आणि साखर बशीत तशीच राहिली. दुसऱ्या खेपेला तर कुसुमनंच ती बशी उचलून आत नेली आणि साखर परत डब्यात ओतली. मी जाऊन अंगणात उगीचच सायकल पुसत बसलो.

तिसरं स्थळ काकाजींनी आणलं. काकाजी म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लढाईच्या काळात ते फौजेत होते. तिथं नेमकं काय करत होते ते आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं की ते मिशीवरून हात फिरवायचे. मुलाचे वडील त्यांच्याच पलटणीतले सुभेदार, निवृत्त होऊन पुसदला राहिलेले. मुलगा दवाखान्यात कंपाउंडर. कुसुमनं त्याला कोणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं. "कसा आहे वं?" असं आईनं विचारलं तर म्हणाली, "मले काय माहीत, मी कुठं पाह्यलं!" आणि कानापर्यंत लाल झाली. त्यावरून आम्ही काय ते समजलो.

"सुभेदार माणूस चांगला आहे वहिनी," काकाजी म्हणाले, "पण त्याले एकच शौक. बिअर. अन् ते बी साफ पायजे. पलटणीत गढूळ बिअर आली तर ग्लास तसाच ठेवून उठून जाये."

"मंग आणा ना एखादी बाटली," आई म्हणाली.

"कुठून आणू? दारूबंदी आली ना आपल्याकडे."

"मंग चहाच देऊ."

"चहा तर त्या दोघायनं बी पेला होता," काकाजी म्हणाले.

जिनं आयुष्यभर दारूच्या गुत्त्यासमोरून जाताना पदर नाकाला लावला, ती माझी आई म्हणाली, "घरी कराले काय काय लागते?"

मी म्हटलं, "काकाजी, पोलीस आले तर?"

"आंबील आहे म्हणायचं. तू कायले घाबरतं? मी फौजेत पाह्यली आहे ना करताना."

पाहिली आहे, केली आहे असं नाही, हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. पण घरात लग्नाचं वारं शिरलं होतं. आईनं ज्वारी भिजवली, ओल्या पोत्याखाली ठेवून तिला मोड आणले, वाळवली, भरडली. काकाजींनी ती हंड्यात उकळली, त्यात गूळ टाकला, कडूपणासाठी किराईत टाकलं आणि पाववाल्याकडून मागून आणलेलं खमीर घालून सगळं माठात ओतलं. माठाच्या तोंडाला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी आतून बुडबुड आवाज यायला लागला तेव्हा काकाजींनी माठाला सॅल्यूट ठोकला.

वास आला, फेस आला, चवही आली (चव आली की नाही हे काकाजी इतक्या वेळा पाहू लागले की शेवटी आईनं माठ स्वयंपाकघरात, आपल्या नजरेखाली नेऊन ठेवला). फक्त रंग आला तो पोळ्याच्या दिवशी बैल धुतल्यावर नदीला येतो तसा. ग्लास उजेडात धरला तर पलीकडचं बोटसुद्धा दिसेना.

"हे नाही चालणार," काकाजी म्हणाले. "बिअरमधून पलीकडचं छापलेलं वाचता आलं पायजे. वसंता, साफ कराचं काम तुयं. जिनात तू कापूस साफ आहे का नाही हेच पाहतं ना दिवसभर?"

हे खरं होतं. दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, माझी नोकरीच ती. कापसाची गाडी आली की गंजीत खांद्यापर्यंत हात घालायचा आणि किडका कापूस, म्हणजे कवडी किती, पाला किती, पाणी मारलं का, ते सांगायचं. स्वच्छतेच्या बाबतीत गावात माझा शब्द चालत होता. त्यामुळे मला चेव आला. आधी मी बिअर वडिलांच्या धोतरातून गाळली. धोतर मळलं, बिअर होती तशीच. मग जिनातून पहिल्या नंबरची रुई आणली, तिचा जाड थर चाळणीत दाबून बसवला आणि वरून बिअर ओतली. रुईनं निम्मी बिअर पिऊन टाकली आणि उरलेलीत स्वतःचे तंतू सोडले.

"आता ते पिंजावी लागीन," कुसुम म्हणाली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

सुभेदार यायला एकच दिवस उरला. माठ ठेवला होता पाण्याच्या घडवंचीशेजारी, आणि घडवंचीवरच्या कोनाड्यात तुरटीचा खडा होता. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की आमच्याकडे येताजाता जो तो तो खडा हंड्यात फिरवायचा. गाळ खाली, पाणी वर. माझी नजर खड्यावर गेली आणि मला माझ्याच बुद्धीचं कौतुक वाटलं. काकाजींना सांगितलं असतं तर "फौजेत असं करत नसत" म्हणाले असते. म्हणून ते अंगणात दाढी करत असताना मी गुपचूप खडा माठात चांगला फिरवला, पुसून जागेवर ठेवला आणि कामावर गेलो.

संध्याकाळी येऊन पाहतो तो माठात चमत्कार! वरची बिअर सोन्यासारखी, आणि गाळ सगळा तळाला.

"याले म्हणते फौजी पद्धत," काकाजी म्हणाले आणि गालात हसले. आईही हसली. कुसुमही खाली मान घालून हसली. मीही हसलो. ज्या घरात चार माणसं एकाच गोष्टीवर आपापलं वेगळं हसतात, तिथं काहीतरी शिजतं आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चाखून पाहायचं कोणी नाव काढलं नाही. "माठ हालला तर गाळ वर येईन," असा काकाजींचाच हुकूम होता.

दुसऱ्या दिवशी सुभेदार एकटेच आले. "आधी मी पाहातो, मंग पोरगा येईन," म्हणाले. उंच माणूस, दोन्ही बाजूंना ताठ उभी मिशी. कुसुमला पाहिलं, नाव विचारलं, चिवडा खाल्ला. चेहऱ्यावर पसंती नाही की नापसंती नाही. मग काकाजींनी वाटीनं अलगद काढलेले दोन ग्लास आणले आणि सुभेदारांच्या ग्लासामागे वर्तमानपत्र धरलं.

"वाचा साहेब."

सुभेदारांनी बिअरमधून कापसाचे भाव वाचून दाखवले. "वा!" ते म्हणाले. "पलटणीत बी अशी साफ नव्हती."

माझी छाती फुगली. दोघा फौजी माणसांनी ग्लास वर केले, एकमेकांना नमस्कार केला आणि एका दमात रिकामे केले. त्याच वेळी कुसुम साखरेची बशी समोर ठेवून आत गेली.

मी सुभेदारांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आधी त्यांचे गाल आत गेले. मग ओठ गोळा झाले, आणि ती ताठ मिशी दोन्ही टोकांकडून सरकत नाकाखाली एका जागी जमा झाली. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, त्यांना पलटणीची आठवण झाली.

"कशी काय आहे साहेब?" मी विचारलं.

सुभेदारांनी सांगायला तोंड उघडलं. म्हणजे उघडायला गेले, ते उघडलंच नाही. त्यांनी काकाजींकडे पाहिलं. काकाजींची मिशीही जमा झालेली होती. दोघं एकमेकांकडे बघत, नाकानं श्वास घेत बसले. मग सुभेदारांची नजर खोलीभर फिरली, साखरेच्या बशीवर थांबली, आणि त्यांनी मूठभर साखर उचलून ओठांच्या फटीतून आत कोंबली.

"खाल्ली!" दारातून आईचा आवाज आला. "अवं माय, साखर खाल्ली त्यायनं!"

काकाजींनी बशी ओढली. सुभेदारांनी ती परत ओढली. चिमूटभर साखरेसाठी आम्ही वर्षभर झुरलो होतो आणि इथं दोन म्हातारे बशीसाठी हातघाईवर आले होते. आईला तेवढं बघायला सवड नव्हती. तिनं देवापुढे दिवा लावला आणि साखरेचा डबा घेऊन ती शेजारीपाजारी वाटायला निघूनसुद्धा गेली.

मी स्वयंपाकघरात धावलो, वाटीभर बिअर तोंडात घेतली आणि माझीही जीभ टाळ्याला जाऊन बसली. कोनाड्यात पाहिलं. लिंबाएवढा तुरटीचा खडा बोराएवढा उरला होता.

"तू बी फिरवली?" मी कसंबसं विचारलं.

"जरासीच," कुसुम म्हणाली. "माय बी फिरवून राह्यलती, मी पाह्यलं. अन् काकाजी बी. पण मले वाटलं, अजून जरा साफ झाली तर..." तिनं तो बोराएवढा खडा उचलून मुठीत लपवला. "दादा, आता ते नाही म्हणतीन ना?"

बाहेरून सुभेदारांचा आवाज आला. साखरेनं तोंड सुटलं होतं. "ही कोणं केली?"

मी बाहेर गेलो. "मी केली साहेब."

"पोरीचा हात लागला काय याले?"

दाराआड बांगड्या वाजल्या. मी जिनातला माणूस. ओल्या कापसाला कधी कोरडा म्हटलं नाही. पण तिथं मी बेधडक म्हणालो, "नाही साहेब. साफ मीच केली. तिनं माठाकडे पाह्यलं सुद्धा नाही."

सुभेदारांनी बशीतली उरलेली साखर तळहातावर घेऊन तोंडात टाकली, यावेळी सावकाश.

"मंग काही हरकत नाही," ते म्हणाले. "न्यायची ते पोरगी आहे. तुम्ही तर इथंच राहान."

लग्न झालं. कुसुम पुसदला सुखात आहे. मला जिनात बढती मिळाली आणि आज मोंढ्यातले सगळे व्यापारी मी साफ म्हटलेला कापूस डोळे मिटून घेतात. फक्त आमचे व्याही सुभेदार घरी आले, की मी दिलेला पाण्याचा पेला खिडकीशी नेऊन उजेडात धरतात, पलीकडचं लख्ख दिसलं की तसाच खाली ठेवतात आणि म्हणतात, "वसंतराव, जरा गढूळ असंल तर पाहा ना."