घर बघायला चौदाव्या मजल्यावर

बहिणीचं लग्न अडलं ते घर बघण्यावरून. मुलगा खोडाळ्याकडचा, माणसं साधी, बहिणीलाही पसंत. पण आत्या ऐकेना. आई गेल्यावर आम्हा दोघांना तिनंच वाढवलं, म्हणजे शेवटचा शब्द तिचा. तिच्या लग्नात कुणी घर बघितलंच नव्हतं, आणि नवरा होता तोवर तिनं दरीतून पाणी वाहिलं. घर बघितल्याशिवाय पोरगी द्यायची नाही, यावर ती अडून बसली.

पण बघायचं काय? दिवाळी झाली की आमच्याकडचा निम्मा गाव जगायला जातो. कामाला जातो म्हणत नाही आम्ही, जगायला जातो म्हणतो. उरलेलं वर्ष काय करता ते विचारू नये. मुलाकडच्यांच्या दाराला कुलूप, सगळं घर मुंबईला, आणि तेही मी आणि बहीण बिगारी होतो त्याच साईटवर. बंद घर बघायची रीत नाही. शेवटी मुलाच्या बापानंच तोड काढली. फोनवर म्हणाला, "बाय, तुमी हितंच या."

आत्या गावाहून, दाभोशाहून, जीप आणि एसटी करत आली, घडीचं लुगडं नेसून. गेटवर मुकादमानं विचारलं, "क्या काम है?"

"घर देखने को आया," आत्या म्हणाली. तो बिचारा बाजूलाच झाला.

लिफ्ट फक्त सिमेंटसाठी. आत्या चौदा मजले चढली, मी मागून धापा टाकत. वर मुलगा आणि बाप उभे होते. बाप घरमालकाच्या थाटात फ्लॅट दाखवू लागला. फरशी इटलीची, बसवणारे राजस्थानचे, दिवे चीनचे, ओझी आमची.

"हा हॉल. आनि ह्या तीन मोऱ्या."

"ऱ्हानार किती जनं?"

"चार, म्हनतात."

"मंग चौथ्यानं काय करायचं?"

चूल कुठं, भात कुठं ठेवायचा, शेळी कुठं बांधायची, आत्या एकेक विचारत गेली. "शेळी बाल्कनीत," बाप म्हणाला. मी मान खाली घातली. लग्न मोडणार असं मला वाटू लागलं होतं. बहीण खाली रेती चाळत वाट बघत होती, तिला काय तोंड दाखवणार?

तेवढ्यात आत्यानं नळ फिरवला. नळ चकचकीत, पण थेंब नाही.

"आपल्या डोंगरातलं पानी ह्या मुंबईला येतं ना? मंग हाय कुठं? हितं पानी कोन आनतं?"

कोपऱ्यात उभा असलेला मुलगा पहिल्यांदाच बोलला. "मी आनतो, आत्या. पंप बाराव्यापर्यंतच चढतो. भिंतींवर मारायचं पानी फुडं मीच वाहतो."

"आनि गावाला?"

"तिथं पन मीच आनीन."

आमच्याकडे बाप्यामाणूस पाण्याला जात नाही. बाप खोकला, खिडकीबाहेर बघू लागला. आत्यानं मुलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पोरगा चालंल," ती म्हणाली. "घर मागनं बघीन."

लग्न झालं. या उन्हाळ्यात बहिणीच्या सासरची माणसं गावी परतल्याचं कळलं आणि आत्यानं मला सोबत घेऊन खोडाळ्याची जीप धरली. वस्ती टेकाडावर, विहीर पार खाली. वाटेवर हंडे घेतलेल्या बायकांची रांग, आणि रांगेत एकच पुरुष. आमचे जावई. डोक्यावर दोन हंडे. बायका त्याला चिडवत होत्या, "ए नवरीबाय, पदर घे गं!" तो हसत होता आणि चढत होता.

तो वर पोचेपर्यंत आत्या उन्हात उभी राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि परतीच्या वाटेला लागली.

"आत्या, घर वर आहे," मी म्हणालो.

"झालं बघून," ती म्हणाली.