ड्रायव्हरची चूक

माझी पोस्टिंग राजस्थानात, आर्मर्ड रेजिमेंटमध्ये होती. घोडे जाऊन टँक आले त्याला पिढ्या लोटल्या, पण हुद्दे घोडदळाचेच राहिले. साधा शिपाई म्हणजे सवार. मी दफेदार, टँक कमांडर. शिस्तही जुनीच. पूर्वी आधी घोड्याला पाणी, मग माणसाला. आम्ही आधी टँक तपासायचो, मग चहा.

माझा ड्रायव्हर सवार रामदास, मूळचा चाळीसगावकडचा. त्याचं घर सुरतला कोसाडमध्ये, माझं सुरतच्याच नवागामला. दोघांचे वडील कापडाच्या लूमवर कामाला. इंजिनाच्या आवाजावरून रामदास एअर फिल्टर धुळीनं भरलाय का ते सांगायचा. कधी चुकला नाही.

एक्सरसाइजच्या, म्हणजे युद्धसरावाच्या, तिसऱ्या दिवशी, सकाळी ०५४० ला आम्ही कालव्याशी पोहोचलो. मी उतरून बांध पाहिला. माती नवी टाकलेली होती, बूट रुतत होता. वायरलेस सेटवर स्क्वॉड्रन कमांडरला कळवलं, "बांध कच्चा है. दूसरी जगह देखता हूँ. ओव्हर."

"निगेटिव्ह. टाइम नहीं है. क्रॉस करो. ओव्हर."

रामदास, गनर आणि मी, तिघं टँक घेऊन बांधावर चढलो. डाव्या ट्रॅकखालची माती खचली आणि टँक कालव्याकडे कलला. तोफेचं फिरतं टरेट जाम झालं. तोफेची नळी रामदासच्या हॅचच्या झाकणावर आडवी आली होती. त्याला वर निघता येईना.

इंटरकॉमवर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही दोघं निघा. मी ब्रेक सोडत नाही, नाहीतर टँक घसरेल."

मी आणि गनर उड्या टाकून बाहेर पडलो. मागच्या टँकचा टो-रोप ओढत आणला. हुक लागायच्या आत बांध सुटला आणि टँक रामदाससकट कालव्यात गेला. तेव्हा ०५५२ झाले होते. रामदासला बाहेर काढायला दुपार झाली.

चौकशीत माझा जबाब आधीच टाइप केलेला होता. ड्रायव्हरची चूक. स्क्वॉड्रन कमांडर शेजारी उभे होते. "रेजिमेंट के नाम का सवाल है, दफेदार."

मी सही केली.

रिटायर होऊन नवागामला आलो. मुलगी मनीषा एका गेम कंपनीत चित्रं काढते. कंपनी घोडदळावर स्ट्रॅटेजी गेम बनवत होती. सुरुवातीला घोडे, शेवटी टँक. ती मला माहिती द्यायला घेऊन गेली. त्यांच्या गेममधले घोडे दिवसभर न थांबता दौडत होते. मी म्हणालो, घोडा दमतो, त्याला तहान लागते, त्याच्याशिवाय स्वार काही कामाचा नाही. त्यांनी लिहून घेतलं. तिसऱ्या भेटीत मी कालव्याचं सांगितलं. घरीही कधी बोललो नव्हतो. एवढंच मागितलं, की रामदासला दोष देऊ नका.

कंपनीचा मालक म्हणाला, "वादा, अंकल."

गेम तयार झाल्यावर मनीषाच्या लॅपटॉपवर पाहिला. शेवटचं मिशन कालव्याचं. टँक पाण्यात गेला आणि पडद्यावर अक्षरं आली: ड्रायव्हर घाबरला. नवा ड्रायव्हर निवडा.

"तुला माहीत होतं?"

तिनं लॅपटॉप मिटला. "पप्पा, मी सरांना बोलले होते. ते नाही म्हणाले." मग हळूच म्हणाली, "तो सीन मीच ड्रॉ केलाय."

दुसऱ्या दिवशी मी मालकाकडे गेलो. त्यानं बसायला खुर्ची दिली. "अंकल, ऑफिसर की गलती दिखाई तो फौज ऐतराज करेगी, गेम अटक जाएगा. ड्रायव्हर का कौन पूछता है?"

मला राग आला. पण 'ड्रायव्हरची चूक' या शब्दांखाली मीच सही करून आलो होतो.

तिथून थेट कोसाडला गेलो. रामदासची आई दारात मेथी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं मेथी बाजूला ठेवली. शेवटी अहिराणीत विचारलं, "त्या कागदवर तुन्ही सही शे का?"

"शे, माय."

"मंग तू बी त्यासनाच." म्हणजे मीही त्यांच्यातलाच.

तिनं मला बस म्हटलं नाही.

त्या आठवड्यात मी नवा जबाब हातानं लिहिला. बांध कच्चा असल्याचं मी कळवलं होतं. हुकूम तरीही आला. जुन्या जबाबावरची सही माझी आहे आणि तो जबाब खोटा आहे. एक प्रत रेजिमेंटला पाठवली, दुसरी रामदासच्या आईच्या हातात दिली. रेजिमेंटचं उत्तर आलेलं नाही. तिनं कागद घेतला आणि दार लावून घेतलं.

सवार रामदास गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्यामुळे गनर आणि मी जिवंत आहोत.