जेवणाचं गाणं

आमच्या बँडला एक इंग्रजी नाव होतं. ते इथे लिहीत नाही, कारण आता मलाच त्याची लाज वाटते. तसंही ते नाव आमच्या तिघांशिवाय कुणी कधी घेतलं नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आम्ही कायम 'गिटारवाले' होतो. आमच्यात ड्रम होते, कीबोर्ड होता, पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर होते, पण लोकांनी एकदा नाव ठेवलं की ठेवलं.

तिघांपैकी गाणारा वैशाखरे गावचा. गिटारही तोच वाजवायचा. त्याचं घर माळशेजच्या रस्त्याला लागून, आणि घरापुढेच त्याची वडापावची गाडी. दुसरा ड्रमवाला. मुरबाडच्या अलीकडे त्याच्या वडिलांची भातगिरणी होती, ती आता तोच चालवतो. तिसरा मी. शहापूरच्या बाजारात माझं बी-बियाणांचं दुकान आहे आणि बँडमध्ये मी बेस गिटार वाजवायचो. बेस म्हणजे काय, हे मी आईला कधीच पटवू शकलो नाही. बाकीच्यांच्या गिटारला सहा तारा आणि तुझ्या गिटारला चारच, म्हणजे दुकानदारानं तुला गंडवलं, हे तिचं मत शेवटपर्यंत कायम राहिलं. कीबोर्डवाले येत-जात राहिले. त्यातला एक तर आमचा कीबोर्ड घेऊनच गेला. त्यांना मी बँडमध्ये धरत नाही.

सराव आम्ही गिरणीतच करायचो, आणि तोही गिरणी चालू असताना. बंद गिरणीत वाजवलं की शेजारपाजारचे भांडायला यायचे. चालू गिरणीत वाजवलं तर कुणाला कळायचंसुद्धा नाही. पट्टा फिरायचा, यंत्र धडधडायचं, कोंडा उडायचा, आणि आम्ही तोंडाला रुमाल बांधून रॉक म्युझिक वाजवायचो. त्या धडधडीवर ड्रमवाल्याचा हात बसला आणि त्याच्या हातावर आमचा. याचा परिणाम काय झाला होता ते कल्याणच्या स्टुडिओत गेल्यावर कळलं. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्यानं ताल धरायला कानात टिकटिक लावून दिली आणि आमचा ड्रमवाला आंधळ्यासारखा चाचपडायला लागला. सकाळची दुपार झाली. शेवटी मी गिरणीत फोन लावला, तिथल्या कामगाराला म्हटलं, फोन यंत्राजवळ धर. ती धडधड ड्रमवाल्याच्या कानात सोडली आणि तीन गाणी एका दमात झाली. तिन्ही एकाच लयीत. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, तुमची गाणी सगळी सारखीच वाटतात. मी म्हटलं, तुमच्या घरी रोज भातच शिजतो ना, मग? तो हसला, पण मी चिडूनच बोललो होतो.

त्या तीन गाण्यांतलं एक मात्र खरंच वेगळं होतं. गाणाऱ्यानं ते त्याच्या मोठ्या बहिणीवर केलं होतं. आई लवकर गेल्यामुळे बहिणीनंच त्याला वाढवलं. तिला घाटावर दिली, जुन्नरच्या बाजूला. वैशाखऱ्याला घरासमोरच बस थांबते, आणि तिथून ती घाटाकडे वळत वळत जाताना खूप वेळ दिसत राहते. लग्नानंतर बहीण त्या बसमध्ये बसून गेली तेव्हा हा दारात उभा होता. पुढे दोन बाळंतपणं झाली, आणि कसल्याशा तापात ती तिकडेच गेली. गाणं त्यानं त्यानंतर केलं.

माळशेजची वाट गो, किती तिची वळणं,
बाय गेली घाटावर, सुनं झालं आंगण.

त्याखाली गिटारचा असा कर्कश सूर होता की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वाजवायचंच विसरलो. आम्ही तिघांनी मिळून आयुष्यात एक चांगली गोष्ट केली असेल तर ती हीच, असं मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

आता असली गाणी ऐकायला मुरबाडात तिकीट कोण काढणार? पोटापाण्यासाठी आम्ही हळदीच्या सुपाऱ्या घ्यायला लागलो. हळदीला लोकांना नाचायचं असतं, आणि नाचाची गाणी ठरलेली. ती आम्ही वाजवायचो, मन लावून वाजवायचो. पण गाणाऱ्यानं पहिल्याच दिवशी अट घातली होती की प्रत्येक हळदीत एक तरी गाणं आपलं वाजेल. यजमान म्हणायचे, वाजवा की, कोण नाय म्हणतंय, फक्त नाच थांबवू नका. नाच न थांबवता ते गाणं वाजवायचं तर वेळ एकच उरायची. जेवणाची. मग पहिली पंगत बसली की आम्ही ते सुरू करायचो.

असं चार-पाच वर्षं चाललं. लोक कसे असतात बघा. आधी पंगत बसायची म्हणून आम्ही गाणं सुरू करायचो. मग आम्ही गाणं सुरू केलं म्हणून पंगत बसायला लागली. पहिला सूर निघाला की म्हातारे काठी शोधायचे, बाया पोरांचे हात धुवायला न्यायच्या, वाढपी बादल्या उचलायचे. भावानं बहिणीसाठी काळीज पिळवटून म्हणावं, आणि समोर कुणी ओरडावं, 'इकडं वरण नाय आलं.' ड्रमवाल्याला त्यात काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, लोक जेवून तृप्त होतायत, आपलं काय जातंय? माझा मात्र तिळपापड व्हायचा. आणि गाणारा डोळे मिटून गायचा, म्हणजे त्याला पत्रावळ्या दिसू नयेत.

त्याची एवढीच एक इच्छा होती. एकदा, कुठल्याही गावात, लोकांनी समोर बसून ते गाणं नुसतं ऐकावं. टाळ्या नकोत, कौतुक नको. हात कोरडे ठेवून ऐकावं.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत त्यानं त्यासाठी डाव टाकला. आम्हाला न सांगता त्यानं कार्यक्रमाची सुरुवातच त्या गाण्यानं केली. नाच अजून सुरू व्हायचा होता, सगळा मांडव समोर बसलेला होता, तोंडं आमच्याकडे होती. मला वाटलं, झालं, आज जमलं. त्यानं पहिली ओळ म्हटली आणि सगळा मांडव एकदमच उठला. दोन मिनिटांत अंगणात पंगती लागल्या. तिकडे चुलीवर भात अजून कच्चा, डाळीला फोडणी नाही. आचारी हातातला डाव घेऊनच स्टेजपाशी आला आणि आमच्या तिघांच्या खानदानाचा उद्धार केला. नवरदेवाच्या बापानं आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, तुमाला कुणी सांगितलं होतं जेवणाचं लावायला? बसलेली पंगत जेवल्याशिवाय उठवता येत नाही, अपशकुन होतो. मग पाऊण तास लोक रिकाम्या पत्रावळींपुढे बसून राहिले आणि त्यांना धरून ठेवायला आम्ही तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो.

परत येताना टेम्पोत तो एकच वाक्य बोलला. "माझी बहीण जेवणाची घंटा झाली रे."

मला हसू येत होतं आणि त्याच वेळी त्याच्यासाठी रडूही येत होतं.  

पुढचं सगळीकडे झालं तेच झालं. डीजे आले. एक पोरगा, एक लॅपटॉप आणि भिंतीएवढे स्पीकर. त्याच्यापुढे आमचे पुरुषभर उंचीचे स्पीकर म्हणजे दिवाळीतला आकाशकंदील. सुपाऱ्या कमी होत गेल्या, मग करोनात लग्नंच अंगणातल्या अंगणात उरकायला लागली, आणि त्यानंतर आम्हाला कुणी बोलावलं नाही. बँड बंद करतोय असं आम्ही कधी म्हटलं नाही. ड्रमवर गिरणीत कोंडा साचत गेला, एवढंच. गाणाऱ्यानं गिटार गाडीमागच्या भिंतीवर टांगली. गाडीवर पर्यटक विचारायचे, वाजवता का? तो म्हणायचा, नाही, ती शोभेची आहे. एकदा मी चिडून म्हटलं, अरे, निदान ते गाणं तरी मोबाइलवर टाक. तो म्हणाला, लोक तेही जेवतानाच ऐकतील.

गेल्या उन्हाळ्यात ड्रमवाल्याच्या मेव्हण्याच्या मुलाची हळद होती, उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, रानातल्या एका वाडीत. त्या बाजूला आम्ही कधी वाजवायला गेलो नव्हतो. पाहुणे म्हणून तिघे गेलो. डीजे लागलेला होताच, सकाळपासून जमीन हादरत होती. दुपारी लाइट गेली. पोरं हिरमुसली, डीजेवाला फोन घेऊन रेंज शोधायला निघून गेला, आणि मांडवात एकदम इतकी शांतता झाली की आंब्यावरचे पक्षी ऐकू यायला लागले. यजमान म्हणाले, तोवर बसून घ्या. आम्ही पंगतीला बसलो. वाटाण्याची भाजी आणि डाळ-भात होता. वाढपी वाढत होते आणि ओट्यावर बाया हळद लावता लावता गाणी म्हणत होत्या. आम्ही भात कालवला. आणि त्या म्हणायला लागल्या,

माळशेजची वाट गो, किती तिची वळणं...

गिटार नाही, ड्रम नाही. आमच्यापेक्षा कितीतरी संथ, आणि चाल बरीच बदललेली. पण शब्द तेच. मी ताडकन उठायला लागलो. मला सगळ्या मांडवाला ओरडून सांगायचं होतं की थांबा, हे गाणं यानं केलंय, हा बघा इथे बसलाय. गाणाऱ्यानं उष्ट्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं. त्याचा घास तसाच पानात होता. बायांनी त्याची दोन्ही कडवी म्हटली, मला वाटलं संपलं. पण त्या थांबल्या नाहीत.

नको रडू भाऊराया, वळणं मीच मोजली,
परतीची वाट माज्या ओटीत बांधली.

हे कडवं त्याचं नव्हतं. त्याच्या गाण्यात भाऊच रडत होता, बहीण कधी बोललीच नव्हती.

ड्रमवाल्यानं मान खाली घातली. मी गाणाऱ्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर मीच आधी रडलो असतो. वाढपी भात घेऊन आला, यानं नुसता हात आडवा केला. गाणं संपल्यावर तो हात न धुताच उठला आणि ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. मीही मागोमाग गेलो. मध्ये एक म्हातारी होती, हातभर हळद माखलेली. त्यानं तिला विचारलं की हे गाणं कुणाचं.

"कुनाचं म्हंजे? आमचंच हाय," ती म्हणाली. "जुनं हाय. मोठी सून मुरबाडकडची, ती माहेरावरनं घेऊन आली. तिच्या आयशीचं असंल."

"आनि ते शेवटचं कडवं?"

"ते आमी घातलं. ती बिचारी घाटावर गेली, तिला बोलू नको का कोनी?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. आता सांगेल, आता सांगेल. तो तिथेच ओट्याच्या पायरीवर, तिच्या पायापाशी बसला.

"आजी, मला शिकवा," तो म्हणाला. "पहिल्यापासनं."

तिनं सुरुवात केली. तोही बरोबर म्हणायला लागला, सवयीनं, स्वतःच्या चालीत, गिरणीच्या लयीत. एका ओळीतच तिनं हळदीचा हात वर करून त्याला थांबवलं.

"असं नाय रे. घाई करतोस. आधी ऐक."

"बरं," तो म्हणाला, आणि ऐकत बसला.