हजेरी घेणाऱ्याचं नाव

मंगळवार आमच्या उपकेंद्रात लसीकरणाचा. त्या दिवशी अकराच्या सुमारास माझ्या हातात अडीच महिन्यांच्या बाळाची मांडी होती आणि टेबलावर फोन थरथरत होता. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा आशाताईंनी उचलून माझ्या कानाला लावला. बबन होता. म्हणाला, "ताई, साहेब उठंनात." श्वास चालू आहे का, मी विचारलं. "न्हाई ताई. गार पडल्यात." त्यांना हलवू नको, वहिनीला एकटीला आत जाऊ देऊ नको, मी येते, असं सांगून मी सुई टोचली, कापूस दाबला, ताप आला तर औषध किती द्यायचं ते आईला समजावलं, कार्डावर नोंद केली आणि मग पर्स उचलली. भाऊ गेल्याचं कळल्यावर तुझा हात कसा चालला, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. हात चालतो. सत्तावीस वर्षांची सवय आहे त्याला. माझं डोकं मात्र तेव्हा बुधवारवर अडकलं होतं... का, ते पुढं सांगते.

सुभेदार मधुकर माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायचे. कळंबच्या अलीकडं आमचं गाव. दादा अठरा पूर्ण होताच फौजेत गेला आणि पेन्शन घेऊन आला तेव्हा केस पांढरे झाले होते. आल्यावर पहिली चार वर्षं तो प्यायला. साधंसुधं नाही, सकाळी दात घासायच्या आधीपासून. शेवटी लष्करी दवाखान्यात महिनाभर राहून सुटला. तिथं रोज सकाळी आठ-दहा जण गोल बसायचे आणि एकेकानं बोलायचं, एवढंच. घरी आल्यावर म्हणाला, "सुमे, गोळ्यांनी हात थांबला. पण डोकं थांबलं ते त्या बसण्यानं." आणि महिन्याभरात त्यानं विहाराच्या मागच्या खोलीत रविवारची बैठक सुरू केली. आंबेगाव-जुन्नरकडचे, फौजेतून आलेले आणि बाटलीला लागलेले. आमच्या गावात विहार म्हटलं की काही जणांची पावलं अजून फाटकाशी घुटमळतात. दादानं त्यांना एकदाच सांगितलं, बंकरमध्ये कोण कुणाच्या शेजारी झोपत होतं ते आठवा आणि आत या. आले.

पहिल्या रविवारी नऊ जण होते. मी दाराशी खुर्ची टाकून बीपीचं मशीन घेऊन बसले होते, कारण दारू सोडणाऱ्या माणसाचं बीपी कधी कुठं जाईल सांगता येत नाही. दादा समोर खुर्चीवर. हवालदार बाकावर, नाईक सतरंजीच्या पुढच्या कडेला, शिपाई मागं भिंतीला. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप तसे बसले. दादानं एकेकाला विचारलं, कसं चाललंय. "सब ठीक, साहेब." नऊच्या नऊ जणांनी हेच सांगितलं. त्यातल्या एकाचा हात प्लास्टरमध्ये होता आणि एकाची बायको आदल्या दिवशी सुजलेला डोळा घेऊन माझ्याकडं येऊन गेली होती. सगळे गेल्यावर मी दादाला म्हणाले, "ही परेड झाली. यात कुणी बरं होत नसतं." तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढच्या रविवारी त्याची खुर्ची आणि बाक दोन्ही बाहेर व्हरांड्यात होते आणि तो सतरंजीवर बसला होता. माझी खुर्ची तेवढी राहिली. मला मशीन ठेवायला लागायची.

बैठकीची रीत त्यानं स्वतः बसवली. आधी हजेरी. शंभर पानी वही, तारखेखाली नावं. नाव घेतलं की "हजर" म्हणायचं, आणि कुणी आला नसेल तर तो कुठं आहे ते दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. "गैरहजर, मंचरला कांदा घेऊन गेलाय, ठीक आहे." उत्तराशिवाय एकही नाव सोडायचं नाही. मग प्रत्येकाला तीन प्रश्न. झोप लागली का, कुणावर हात उचलला का, घेतली का. ज्यानं त्यानं आपला रिपोर्ट द्यायचा. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. कुणी तोंड उघडलंच तर दादा म्हणायचा, "सल्ला घरी जाऊन बायकोला दे, ती ऐकते का बघ." शेवटी प्रत्येकानं पुढच्या रविवारपर्यंतचं एक काम उचलायचं, अगदी लहान. आणि एक नियम माझा होता, दादानं तो भिंतीवर लिहून लावला होता : दारू एकट्यानं, एकदम सोडायची नाही. आधी सिस्टरला सांगायचं. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली तर झटके येतात, जीव जातो. हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की ते माझ्या आवाजाची नक्कल करून एकमेकांना सांगायचे.

बबन त्यातला सगळ्यात हट्टी. मेंढरं राखणाऱ्या घरातला, शिपाई म्हणून परत आलेला. घरात छपराखाली त्याला झोप यायची नाही. तीन वर्षं वाड्यावर मेंढरांत झोपला. "मेंढरं काय इचारत न्हाईत," म्हणायचा. त्याला काम दिलं, आठवड्यातून एकदा ओट्यावर झोपायचं. मग उंबऱ्याशी. घरात पोचायला पाच महिने लागले. त्या रविवारी रिपोर्ट देताना म्हणाला, "बायको म्हणती, अंगाला मेंढरांचा वास येतो. म्हणलं, तुजी सवत हाय ती, वास येणारच." सगळे इतके हसले की विहारात वंदनेला आलेल्या बायका डोकावून गेल्या.

कँटीनमधल्या दारूची कार्डं सगळ्यांनी दादाकडं जमा केली होती. ती वहिनीच्या तूरडाळीच्या डब्यात असायची, सगळ्यात खाली दादाचं. फौजीचा कोटा म्हणजे गावात केवढी मोठी गोष्ट असते, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. लग्न ठरलं, मोजणीवाला आला, की लोक फौजीच्या दारात. "पावणं, यंदा काय न्हाई का?" असं कुणी विचारलं की दादा म्हणायचा, "आहे की. तूरडाळ." आणि खरंच मापभर डाळ काढून द्यायचा.

सहा वर्षं हे चाललं. एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि मी ती चालू दिली. दादा सगळ्यांचे रिपोर्ट घ्यायचा, स्वतःचा कधी दिला नाही. खुर्ची गेली, सतरंजी आली, पण तो साहेबच राहिला. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "रिपोर्ट वर जातो. माझ्या वर कोण आहे इथं?" मला वाटलं, चाललंय ना बरं, कशाला हात लावा.

मग शंकरचं झालं. शंकर नाईक म्हणून निवृत्त झालेला, मंचरच्या बाजारात टेम्पो चालवायचा. दीड वर्ष कोरडा होता. एका रविवारी दादानं त्याचं नाव घेतलं आणि कुणीच उत्तर दिलं नाही. तो कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. दादानं नाव दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. कुणीतरी म्हणालं, भाडं लागलं असेल. दादानं वही मिटली आणि त्या दिवशी प्रश्न न विचारताच बैठक संपवली. बुधवारी सकाळी शंकरचा टेम्पो बायपासला उभ्या कंटेनरवर मागून आदळला, शंकर जागीच गेला. प्यायलेला होता.

त्यानंतर महिन्याभरानं, एका शनिवारी दुपारी, दादा उपकेंद्रात आला आणि गरोदर बायकांच्या रांगेत बाकावर बसला. आत बोलावलं तर म्हणाला, रांग संपू दे. शेवटची बाई गेली तेव्हा तो आत आला आणि मला वास आला. वर पान खाल्लेलं होतं, पण मला फसवणं अवघड आहे. "तीन आठवडे झाले," तो म्हणाला. "ढाब्यावरनं आणतो. कार्ड वापरलं नाही मी, डब्यातच आहे." हे सांगताना त्याचा चेहरा असा होता की जणू तेवढं तरी खात्यात धरावं...

आणि मग पहिल्यांदाच त्यानं ते सांगितलं. फौजेत असताना वरच्या चौकीवर ड्यूटीची यादी तो लावायचा. एका पोराला ताप होता, आज नको म्हणाला. दादानं त्याला पाठवलं. पोरगं परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं हजेरी घेतली आणि सवयीनं त्याचं नाव घेतलं. सगळी माणसं ताठ उभी, आणि त्या नावाला उत्तर नाही. "नाव घेऊन झालं होतं, सुमे. माघारी कसं घेणार?" शंकरचं नाव तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा त्याला तेच ऐकू आलं होतं. मला तेव्हा कळलं की वहीतला तो नियम कुठून आला होता.

मग म्हणाला, "उद्या रविवार आहे. उद्या मी माझा रिपोर्ट देतो."

इथं मला थांबून नीट लिहायला हवं. मी म्हणाले, "उद्या नको. शंकरला जाऊन जेमतेम महिना झालाय, उरलेली पाच माणसं कशीबशी उभी आहेत. तू पडलास म्हटल्यावर ती राहतील का? आधी सोड, मग सांग." आणि म्हणाले, "सोमवारी माझी मीटिंग, मंगळवारी लसीकरण. बुधवारी तुला डॉक्टरांकडं नेते, तोवर पिणं आहे तसं चालू दे." सिस्टर म्हणून हे बोलणं बरोबर होतं, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होते. ते खरं नाही. माझा भाऊ, ज्याच्याकडं तालुक्यातले लोक बोट दाखवून बघा म्हणायचे, तो पाच जणांसमोर मान खाली घालणार, ते मला नको होतं. दादा उठला, टोपी घातली. "ठीक आहे," म्हणाला. माझ्या बोलण्यातलं "बुधवारी" त्यानं बाजूला ठेवलं आणि "आधी सोड" तेवढं घेतलं. ऑर्डर घ्यावी तसं.

रविवारी त्यानं हजेरी घेतली, प्रश्न विचारले, चहा वाटला. त्या दुपारीच तो शेतात विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत जाऊन राहिला. वहिनीला म्हणाला, कांद्याला पाणी द्यायचंय, उसात बिबट्या दिसलाय, तू इकडं फिरकू नको. शेजारच्या रानात बबनची मेंढरं बसली होती. डबा तो पोचवायचा. सोमवारी संध्याकाळी दादा घामानं निथळत होता. "ताप आहे," म्हणाला. मंगळवारी बबननं दार ढकललं.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर ओळखीचे. बाहेर येऊन म्हणाले, "पोटात दारू नाही. झटका येऊन गेलेत, दोन दिवस बंद केलेली असावी. तुम्हाला माहीतच आहे, सिस्टर." माहीत होतं. भिंतीवर लिहून लावलं होतं.

गावात वेगळंच चाललं आहे. दारू सोडवणारा दारूनंच गेला, असं पारावर, बाजारात, माझ्या पाठीमागं उपकेंद्रातही बोलतात. हा लेख लिहायचं कारण तेवढंच. माझा भाऊ पिऊन गेला नाही. सोडताना गेला. एकटा गेला, आणि त्याला एकटं जायला मी सांगितलं.

दोन रविवार खोली बंद होती. तिसऱ्या रविवारी बबनचा फोन आला, "ताई, वही कुठं हाय?" वहिनीकडं होती. आम्ही जमलो, ते पाच जण आणि मी, नेहमीसारखी दाराशी खुर्चीवर. बबननं नावं घेतली, सगळे हजर. मग तो मागची पानं उलटत बसला. "साहेबांचं नावच न्हाई ह्याच्यात," म्हणाला. कुणीतरी म्हणालं, घेणारा स्वतःचं कुठं लिहितो. बबननं पेन काढलं, सगळ्यात वर जागा करून नाव लिहिलं आणि मोठ्यानं घेतलं. "सुभेदार मधुकर."

 बबन माझ्याकडं बघत नव्हता, वहीकडं बघत होता. म्हणाला, "रविवारी साहेबांचा हात कापत व्हता. कपातला चहा सांडला. मला दिसलं. पर साहेबाला कोण इचारणार, ताई?"

मी मशीन खुर्चीवर ठेवलं आणि खाली सतरंजीवर बसले. "गैरहजर," म्हणाले. "कुठं आहे आणि का, ते मला माहीत आहे." आणि जे वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. मध्ये कुणी बोललं नाही, नियमच तो. सांगून झाल्यावर त्या पाचातला पोपट हवालदार उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. बबननं वहीत दादाच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "झोप लागती का, ताई?" मी नाही म्हणाले.

गेल्या रविवारी हजेरीत पोपटचं नाव आलं. तो कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. बबननं नाव दुसऱ्यांदा घेतलं नाही. वही काखेत मारली आणि उठला. त्याच्या मागं सगळे उठले, मीही. बुधवार वगैरे काही म्हणाले नाही. पोपटच्या घराला आतून कडी होती. बायको माहेरी गेल्याचं शेजारणीनं सांगितलं. बबन ओट्यावर बसला, मांडीवर वही उघडली, दादानं पट्टीनं आखलेल्या रेघांवर बोट ठेवलं आणि बंद दाराकडं तोंड करून नाव घेतलं. बोट रेघेवरून उचललं नाही. मग आतून आवाज आला, जड, पण आला.

"हाय. हितंच हाय."

बबननं वहीत खूण केली. दार काही उघडलं नाही, म्हणून आम्ही ओट्यावरच बसून राहिलो.